वायफाय जोडलेलं दिसतंय, मग नेट का चालत नाही?

नमस्कार मंडळी. वायफायच्या कांड्या फुल दिसतात, पासवर्ड बरोबर आहे आणि तरी एकही साइट उघडत नाही, ही तक्रार इतक्या जणांची असते की आज फक्त त्यावरच बोलूया. त्या कांड्या एवढंच सांगतात की कॉम्प्युटर राउटरपर्यंत पोचलाय, राउटरमध्ये बाहेरून नेट येतंय की नाही याच्याशी त्यांचा काही संबंध नसतो.

म्हणून सेटिंगला हात लावायच्या आधी फोन घ्या, मोबाइल डेटा बंद करा, त्याच वायफायवर जोडा आणि एखादी साइट उघडून बघा. फोनवर पण नाही उघडली तर उगाच कॉम्प्युटरच्या मागे लागू नका, राउटरचा प्लग काढा, अर्धा मिनिट थांबून परत लावा, दिवे स्थिर होऊ द्या. फायबरचं कनेक्शन असेल तर एलओएस (LOS) लिहिलेला दिवा बघा, तो लाल असला तर बाहेरून येणारा सिग्नलच तुटलाय, कंपनीकडे तक्रार नोंदवायची, घरात बसून काही होणार नाही.

फोनवर चालतंय पण कॉम्प्युटरवर नाही, तेव्हा विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडा आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करून एंटर दाबा. वायफायचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा पत्ता, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून आयपी मिळालेलाच नाही, कॉम्प्युटरने आपल्या मनानेच एक घेतलाय, त्यावर नेट चालत नाही. मग ते नेटवर्क फर्गेट करून नव्याने पासवर्ड टाका, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतं. आयपी नीट असेल तर तिथेच पिंग (ping) लिहून स्पेस द्या आणि 8.8.8.8 टाका, म्हणजे चार वेळा आठ, मध्ये टिंब, हा गूगलच्या डीएनएसचा नंबर आहे. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारी सेवा. उत्तर येतंय पण साइट उघडत नाही, तर गडबड बहुतेक डीएनएसमध्ये असते, वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी हाच नंबर भरून बघा.

नेट नुसतं रखडत असेल तर राउटर लोखंडी कपाटामागे आहे का ते बघा, आणि राउटर जवळच असेल तर वायफायच्या ५ गीगाहर्ट्झ बँडवर जा, कारण २.४ वर मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ आणि शेजाऱ्यांचे राउटर, सगळ्यांचीच गर्दी असते.

आणि कळकळीने सांगतो, राउटरच्या मागचं ते टाचणीने दाबायचं रीसेटचं भोक काही सुचत नाही म्हणून दाबू नका, त्याने सगळं सेटिंग पुसलं जातं, आणि कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड जवळ नसेल तर चालणारं कनेक्शनही बंद पडू शकतं.