काळ सोकावला तेव्हा : जपान १९३१ ते १९४०

१५ मे १९३२, रविवार. संध्याकाळचे साडेपाच वाजत आले होते. टोकियोत पंतप्रधानांच्या निवासस्थानी नौदलाचे काही तरुण अधिकारी आणि लष्करी शाळेचे विद्यार्थी पिस्तुलं घेऊन शिरले. पंतप्रधान होते इनुकाई त्सुयोशी, वय वर्षं शहात्तर. घरच्यांनी विनवलं, निघून जा. ते गेले नाहीत. आपण बोलू, बोलल्यावर कळेल, असं म्हणत त्यांनी त्या पोरांना आतल्या बैठकीच्या खोलीत नेलं. आणि म्हणाले, बूट तरी काढा.

जपानी घरात जमिनीवर तातामीच्या चटया असतात. त्यावर बुटासकट पाय ठेवणं म्हणजे आपल्याकडे देवघरात चपला घालून शिरण्यासारखं. पिस्तूल रोखलेल्या माणसाला हा म्हातारा घरातली रीत सांगत होता. बोलणं नको, असं उत्तर आलं आणि गोळ्या सुटल्या. जखमी इनुकाई शुद्धीवर होते. त्या पोरांना परत बोलवा, मी त्यांना समजावून सांगतो, असं म्हणत होते. त्याच रात्री ते गेले.

मंडळी, दोन महायुद्धांमधल्या हुकूमशाह्या म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुसोलिनी येतो, हिटलर येतो. एक माणूस, एक पक्ष, समोर लाखोंची गर्दी. जपानमध्ये असा एक माणूस बोट ठेवून दाखवता येत नाही. तिथे पक्ष होते, संसद होती, निवडणुका होत होत्या. १९२५ साली पंचवीस वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला होता. तरीही १९४० साल उजाडलं तेव्हा देशाची सूत्रं लष्कराकडे होती. हे कसं झालं, याचं माझं उत्तर आपल्या एका म्हणीत आहे. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. इथे तर म्हातारा मेल्याचं दुःखसुद्धा पुष्कळांना झालं नाही. ते का, हे बघू.

पुष्कळ जपानी शेतकऱ्यांचं पोट भाताबरोबर रेशमावरही होतं. घरोघरी रेशमाचे किडे पाळायचे, कोष विकायचे. ते रेशीम अमेरिकेत जायचं, तिथल्या बायकांच्या पायमोज्यांसाठी. १९२९ ची मंदी आली, अमेरिकेतली मागणी आटली आणि कोषांचा भाव कोसळला. त्यात १९३१ साली ईशान्येकडच्या तोहोकू भागात पीक बुडालं. घरं कर्जात गेली, मुली कुंटणखान्यांना विकल्या गेल्या. सैन्यातले शिपाई याच घरांमधून आलेले. आपल्या हाताखालच्या पोराची बहीण विकली गेली, हे तरुण अधिकाऱ्यांना कळत होतं, आणि शहरात बड्या उद्योगघराण्यांची श्रीमंतीही दिसत होती. हा संताप खरा होता. तो खोटा ठरवला तर पुढचं काहीच समजणार नाही. पण त्या संतापाला वाट कुठली मिळाली?

पहिली वाट मांचुरियात, म्हणजे चीनच्या ईशान्य भागात निघाली. १८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री मुकदेन शहराजवळ जपानच्याच मालकीच्या रेल्वेमार्गावर जपानी अधिकाऱ्यांनीच स्फोट घडवला. रुळांचं नुकसान इतकं किरकोळ की थोड्याच वेळात एक गाडी त्यावरून निघून गेली. आळ चिन्यांवर घेतला आणि फौजा पसरल्या. टोकियोचं सरकार म्हणत होतं, हे वाढवू नका. तेवढ्यात जपानच्या ताब्यातल्या कोरियातले सेनापती हायाशी सेन्जुरो यांनी सम्राटाची परवानगी न घेता आपली फौज हद्दीपार धाडली. लष्करी कायद्यात याला मृत्युदंडापर्यंतची शिक्षा होती. हायाशींना झाली का? नाही. १९३७ साली ते जपानचे पंतप्रधान झाले.

आता त्या बुटांकडे परत येतो. इनुकाईंच्या मारेकऱ्यांवर १९३३ साली खटले चालले. कोर्टात आरोपी तासन् तास शेतकऱ्यांच्या हालांबद्दल बोलले, वर्तमानपत्रांनी ते रकानेच्या रकाने छापलं, वाचणाऱ्यांचे डोळे भरून आले. दयेसाठी साडेतीन लाख सह्या आल्याचं सांगतात, त्यातल्या कित्येक रक्ताने केलेल्या. निईगाता प्रांतातल्या काही तरुणांनी आपल्या करंगळ्या तोडून बरणीतून कोर्टाला पाठवल्या : यांच्याऐवजी आम्हाला फाशी द्या. सगळ्यांच्या तोंडी एकच, यांचा हेतू शुद्ध होता. फाशी कुणालाच झाली नाही. लष्करी शाळेच्या अकरा विद्यार्थ्यांना चार-चार वर्षं आणि नौदलातल्या म्होरक्यांना पंधरा वर्षं झाली, तीही त्यांनी पुरी भोगली नाहीत.

हेतू शुद्ध होता, या तीन शब्दांची मला फार भीती वाटते. १९२४ साली म्युनिकच्या न्यायाधीशांनाही हिटलरच्या बंडात देशप्रेम दिसलं होतं. शिक्षा पाच वर्षांची, आणि डिसेंबरात तो बाहेर.

पुढचा हप्ता २६ फेब्रुवारी १९३६ चा. टोकियोत बर्फ पडलेलं. पहाटे चौदाशेहून जास्त शिपाई घेऊन तरुण अधिकारी निघाले. अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो, वय एक्क्याऐंशी, अंथरुणातच मारले गेले. याच माणसाने सुवर्णमान, म्हणजे चलनाची सोन्याशी बांधलेली गाठ, सोडून, सरकारी खर्च वाढवून जपानला मंदीतून वर काढलं होतं; आता लष्कराच्या वाढत्या खर्चाला आवर घाला म्हणत होता, हा त्याचा गुन्हा. पंतप्रधान ओकादा वाचले, कारण मारेकऱ्यांनी त्यांच्या मेहुण्यालाच पंतप्रधान समजून मारलं. ते स्वतः मोलकरणींच्या खोलीत लपले आणि दुसऱ्या दिवशी शोकाला आलेल्या माणसांत मिसळून बाहेर पडले.

या वेळी सम्राट संतापला. चार दिवसांत बंड मोडलं, आणि जुलैत पंधरा जणांना गोळ्या घातल्या, त्यातले बहुतेक अधिकारी. म्हणजे शिक्षा देणं जमत होतं! पण बंडखोर हरले तरी लष्कर जिंकलं. मे १९३६ मध्ये जुना नियम परत आणला : लष्करमंत्री आणि नौदलमंत्री सेवेतलेच सेनाधिकारी हवेत. दिसायला तांत्रिक बाब. पण लष्कराने माणूस दिला नाही, तर मंत्रिमंडळच बनत नाही. जानेवारी १९३७ मध्ये जनरल उगाकींना सम्राटाने सरकार बनवायला सांगितलं. लष्कराला ते नको होते, त्यांनी मंत्री दिला नाही, आणि उगाकी हात हलवत परतले. आता पिस्तुलाची गरजच उरली नव्हती. पहाटेचं ते बर्फ आठवून सगळे आधीच वाकत होते.

सगळे म्हणालो, पण एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय मला बसवणार नाही. साइतो ताकाओ, ह्योगो प्रांतातले खासदार. २ फेब्रुवारी १९४० ला ते संसदेत उभे राहिले. १९३७ साली चीनमध्ये सुरू झालेल्या लढाईला अडीच वर्षं झाली होती. पवित्र युद्ध या गोंडस नावाआड दडून जनतेच्या त्यागाकडे डोळेझाक चालली आहे, असं त्यांनी तोंडावर सांगितलं, आणि हे कसं संपवणार ते विचारलं. भाषणाचा मोठा भाग इतिवृत्तातून काढला गेला. ७ मार्चला त्यांना सभागृहातून काढलं. विरोधात मतं पडली सात. त्याच वर्षी सगळे पक्ष आपणहून विसर्जित झाले.

१९४२ साली निवडणूक झाली. सरकारने आपल्या पसंतीच्या उमेदवारांची यादी काढली होती, त्यात साइतोंचं नाव अर्थातच नव्हतं. ते तरीही उभे राहिले, आणि आपल्या मतदारसंघात सर्वांत जास्त मतं घेऊन परत संसदेत गेले.