मोठ्या निकालांचे मूळ खालच्या न्यायालयात

गाजलेले निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नावावर जमा होतात, आणि अखेरचा शब्द तिथेच लिहिला जात असल्यामुळे त्यात गैर काही नाही. परंतु आज इंदूरच्या मराठी श्रोत्यांपुढे बोलताना मला त्या निकालांच्या दुसऱ्या टोकाविषयी बोलायचे आहे. ज्या दोन निकालांनी साऱ्या देशाच्या कायद्याला वळण दिले, ते आपल्या माळव्यातल्या दंडाधिकाऱ्यांच्या दालनांतून निघाले. एक इंदूरचा, दुसरा रतलामचा. त्या दालनांत काय मागितले गेले, कोणता पुरावा आला आणि आदेशात काय लिहिले गेले, याकडे आपण फार कमी लक्ष देतो. माझ्या मते राज्याची न्यायव्यवस्था समजून घ्यायची असेल तर सुरुवात तिथूनच केली पाहिजे.

आधी या व्यवस्थेची ओळख करून घेऊ. मध्य प्रदेश उच्च न्यायालय 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचनेबरोबर अस्तित्वात आले. त्याचे मूळ नागपूरच्या उच्च न्यायालयात आहे. नागपूर मुंबई राज्यात गेले, तेव्हा ते न्यायालय मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय ठरून जबलपूरला आले आणि नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला हेच नव्या न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. इंदूर व ग्वाल्हेर येथे त्याच दिवसापासून तात्पुरती पीठे बसू लागली आणि 28 नोव्हेंबर 1968 च्या राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने ती कायमची झाली. जुन्या संस्थानांच्या आणि प्रांतांच्या सीमा या रचनेत आजही दिसतात. खरगोन मध्य भारत या जुन्या राज्यातले, म्हणून त्याची प्रकरणे इंदूरला येतात. खंडवा आणि बुऱ्हाणपूर जुन्या मध्य प्रांतातले, म्हणून इंदूरपासून इतके जवळ असूनही तिथल्या पक्षकाराला जबलपूर गाठावे लागते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या नकाशासाठी आजच्या शेतकऱ्याने रात्रभराचा प्रवास करावा, हे मला न्याय्य वाटत नाही.

पीठे तीन असली तरी न्यायालय एकच आहे, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. इंदूर पीठाचा निकाल हा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा निकाल असतो आणि तो ग्वाल्हेर पीठाखालच्या भिंड-मुरैन्याच्या न्यायाधीशावरही तितकाच बंधनकारक असतो. एका न्यायमूर्तींपेक्षा दोघांचे पीठ वरचढ आणि दोघांपेक्षा तीन किंवा अधिक न्यायमूर्तींचे पूर्णपीठ वरचढ, एवढाच क्रम तिथे चालतो.

आता अपिलाच्या वाटेविषयी. सर्वसाधारण समजूत अशी आहे की वरच्या न्यायालयात खटला नव्याने चालतो. तसे होत नाही. साक्षीदार बहुधा एकदाच तपासला जातो, त्याची उलटतपासणी एकदाच होते, दस्तऐवज एकदाच शाबीत होतो, आणि हे सारे खालच्या न्यायालयात घडते. दिवाणी दाव्यातले पहिले अपील वस्तुस्थिती आणि कायदा या दोन्हींवर चालते. दुसरे अपील मात्र कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच उच्च न्यायालय ऐकते. नवा पुरावा अपिलात घेता येतो, पण त्यासाठी जी कारणे दाखवावी लागतात ती दाखवणे सोपे नाही. जुन्या इंदुरातल्या घरांच्या वाटणीच्या दाव्यांत होळकर काळातले मोडी कागद पुढे येतात, ते या दृष्टीने पाहण्यासारखे असतात. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून हजर झाला तर त्यावरची सही आणि अक्षर खरे असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. पण तो कागद पेटीत राहिला, किंवा दाखल झाला तरी त्याचे नीट लिप्यंतर व भाषांतर सोबत जोडले गेले नाही, तर पुढे कितीही निष्णात वकील उभा केला तरी त्याच्या हाती काही उरत नाही.

इंदूरचे प्रकरण शाहबानो यांचे. त्याविषयी राजकारणाच्या अंगाने इतके बोलले गेले आहे की मूळ अर्ज काय होता हे झाकले गेले. 1932 साली लग्न झालेल्या, पाच अपत्यांची आई असलेल्या शाहबानोंना 1975 मध्ये घराबाहेर काढण्यात आले. पती मोहम्मद अहमद खान हे इंदुरातच वकिली करत होते. एप्रिल 1978 मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, शाहबानोंनी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली महिना 500 रुपये पोटगी मागितली. पतीचे उत्पन्न वर्षाला सुमारे 60,000 रुपये असल्याचे त्यांचे म्हणणे होते. 500 ही त्या काळची कायद्याची कमाल मर्यादा होती, हेही लक्षात ठेवा. अर्ज प्रलंबित असतानाच 6 नोव्हेंबर 1978 रोजी पतीने तलाक दिला आणि मग बचाव घेतला की मेहेरचे, म्हणजे लग्नात पतीने पत्नीला देऊ केलेल्या रकमेचे, 3,000 रुपये दिले आहेत, इद्दतीचा, म्हणजे तलाकनंतर पत्नीने पाळायचा ठरावीक प्रतीक्षेचा, काळ सरला आहे, आता देणे काही उरले नाही.

ऑगस्ट 1979 मध्ये दंडाधिकाऱ्यांनी पोटगी मंजूर केली ती महिना 25 रुपये. जुलै 1980 मध्ये पुनरीक्षण अर्जावर उच्च न्यायालयाने ती 179 रुपये 20 पैसे केली. पतीने सर्वोच्च न्यायालय गाठले आणि 23 एप्रिल 1985 रोजी, मूळचे पुण्याचे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अपील फेटाळले. कलम 125 सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या घटस्फोटित पत्नीला इद्दतीनंतरही पोटगी मागता येते, आणि मेहेर ही घटस्फोटामुळे देय होणारी रक्कम नव्हे, असे त्या निकालात ठरले. कायद्याच्या इतिहासात एवढी जागा व्यापणाऱ्या या निकालानेही रक्कम मात्र 179 रुपये 20 पैसेच कायम ठेवली. अपील पतीचे होते. रक्कम वाढवून मागण्याचा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हता. वाढ हवी असल्यास पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची मोकळीक निकालात दिली गेली आणि अपिलाच्या खर्चापोटी 10,000 रुपये देण्याचा आदेश पतीला झाला. खाली ठरलेला आकडा वाढवून मागितला गेला नाही, तर वरच्या न्यायालयाला त्यालाच धरून चालावे लागते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. 1986 मध्ये संसदेने मुस्लिम महिलांसाठी वेगळा कायदा केला. शाहबानोंची बाजू मांडणारे वकील दानियल लतीफी यांनीच त्याला आव्हान दिले आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवताना त्याचा अर्थ असा लावला की इद्दतीच्या काळातच पतीने पत्नीच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे. 10 जुलै 2024 रोजी तेलंगणातल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की 1986 च्या कायद्याने कलम 125 ची वाट बंद झालेली नाही.

रतलामच्या प्रकरणाची चर्चा त्या मानाने कमी होते, आणि मला ते अधिक जवळचे वाटते. न्यू रोड भागातल्या रहिवाशांची तक्रार होती ती उघड्या गटारांची, शौचालये नसल्यामुळे रस्त्यावरच होणाऱ्या घाणीची आणि मद्यार्काच्या कारखान्यातून रस्त्यावर वाहणाऱ्या दुर्गंधीयुक्त पाण्याची. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याच्या कलम 133 खाली ते उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे गेले. दंडाधिकाऱ्यांनी पुरावा घेतला, तक्रार खरी ठरवली आणि नगरपालिकेला सहा महिन्यांत योजना आखून काम करण्याचा हुकूम दिला. सत्र न्यायालयाने तो रद्द केला, उच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला आणि पालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे दुहेरी होते: तिजोरीत पैसा नाही, आणि हे लोक तिथली अस्वच्छता माहीत असूनच राहायला आले. या दुसऱ्या म्हणण्याचा मला आजही राग येतो.

29 जुलै 1980 रोजी न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी पालिकेचे अपील फेटाळले. पैशाची अडचण सांगून वैधानिक कर्तव्य टाळता येत नाही, हे त्या निकालाचे सूत्र आहे. आदेशाचा तपशील आवर्जून वाचावा असा आहे. स्त्रिया आणि पुरुषांसाठी स्वतंत्र शौचालये बांधा, पाणी द्या, सकाळ-संध्याकाळ सफाई करा, कारखान्याचे सांडपाणी रस्त्यावर येणे थांबवा. मुदतीसह हे सारे लिहिले आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका गावातल्या शौचालयांच्या सफाईची वेळ ठरवून दिली, ती दंडाधिकाऱ्यांनी आधी प्रश्न इतका नेमका मांडून ठेवला होता म्हणून.

जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखला जाणारा आणीबाणीतला निकाल इथे वगळता येणार नाही. स्थानबद्ध माणसाची बंदी प्रत्यक्षीकरण याचिका, म्हणजे आपली स्थानबद्धता कायदेशीर आहे का हे न्यायालयाने तपासावे ही मागणी, आणीबाणीतही ऐकता येते, असे आपल्या उच्च न्यायालयासह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते खोडून काढले. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. शाहबानो निकाल देणारे चंद्रचूड तेव्हा बहुमतात होते. 2017 साली खासगीपणाच्या हक्कावरील निकालात हे बहुमत चुकीचे असल्याचे जाहीर झाले. खालचे न्यायालय बरोबर आणि वरचे चूक असेही घडते, आणि ते दुरुस्त व्हायला एकेचाळीस वर्षे लागू शकतात.

कलमांचे क्रमांक 1 जुलै 2024 पासून बदलले आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पोटगीचे कलम 144 आहे आणि सार्वजनिक उपद्रवाचे 152. 500 रुपयांची मर्यादा 2001 मध्येच गेली आणि अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढण्याची तरतूद आली. त्याहून मोलाचा बदल 2020 सालचा आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पोटगीच्या प्रत्येक अर्जात दोन्ही पक्षांनी आपल्या मिळकतीचे आणि देण्यांचे शपथपत्र दिलेच पाहिजे. पगार, व्यवसायाचे उत्पन्न, बँकेतली शिल्लक, घरभाडे, कर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळेचा खर्च हे सारे त्यात लिहावे लागते. तेव्हा तुमच्या ओळखीतली कोणी बाई असा अर्ज करणार असेल, तर पहिल्या पेशीच्या आधीच पतीच्या उत्पन्नाचे जे जे कागद हाती लागतील ते गोळा करायला तिला सांगा, आणि समोरच्याचे शपथपत्र अपुरे असेल तर तशी हरकत लेखी नोंदवून घ्यायलाही सांगा.