अडकलेल्यांची खोली

(दृश्य: हॉस्टेलचं प्रवेशद्वार. पायपुसण्याशेजारी चिखलाने माखलेल्या बुटांची रांग.)

भटक्या प्रवाशांचं हॉस्टेल बघायचं तर भर पावसात बघावं. एरवी सकाळ झाली की जो तो सॅक पाठीला लावून बाहेर पडतो. मागे उरतात रिकामे बंक आणि वाळत घातलेले टॉवेल. रात्री सगळे परततात ते दमून, मोबाइल चार्जिंगला लावून आडवे व्हायला. वरच्या बंकवर कोण झोपतंय, हे फार तर त्याच्या घोरण्यावरून कळतं.

पावसाने झोडपायला सुरुवात केली, की हीच मंडळी एका खोलीत कोंडली जातात. खुर्च्या कमी पडतात. चार्जिंगच्या पॉइंटवर नंबर लागतात. खिडकीपाशी कोणीतरी दर पाच मिनिटांनी आभाळ बघून येतो आणि 'उघडेल आता' असं सांगतो. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

(दृश्य: बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबणारे हात.)

ओळखी बऱ्याचदा बुटांपासून सुरू होतात. आतला सोल काढायचा, वर्तमानपत्राचे बोळे करून थेट चवड्यापर्यंत कोंबायचे. कागद ओल शोषून घेतो. बोळा लिबलिबीत झाला की तो काढून कोरडा घालायचा. नवखा माणूस हमखास बूट हीटरला टेकवून ठेवतो. मग शेजारचा त्याला थांबवतो, कारण थेट आचेने चामडं तडकतं आणि सोलचा चिकटवलेला सांधा सुटतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नसली तरी एवढं हातवाऱ्यांनी सांगता येतं.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. डोंगरवाटेने चाललेली शाळकरी मुलं.)

मुळात युथ हॉस्टेलची कल्पना सुचली तीच पावसात. 26 ऑगस्ट 1909. जर्मनीतल्या आल्टेना गावातले शिक्षक रिचर्ड शिरमान आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आखेनकडे पायी निघाले होते. ब्रोल नदीच्या खोऱ्यात त्यांना वादळी पावसाने गाठलं. गावातल्या शाळेने आसरा दिला, एका शेतकऱ्याने पेंढा दिला आणि तो अंथरून पोरं वर्गातच आडवी झाली. बाहेर विजा कडाडत होत्या. पोरं गाढ झोपली, मास्तरांचा मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. सुट्टीत देशभरातल्या शाळा अशाच रिकाम्या पडून असतात. मग दिवसभराच्या चालीवर एक अशा गावोगावच्या शाळा भटक्या मुलांसाठी का उघडू नयेत?

मास्तरांनी सुरुवात स्वतःच्या शाळेपासून केली. पुढे, पहिलं महायुद्ध पेटण्याआधीच, आल्टेनाच्या टेकडीवरच्या किल्ल्यात कायमचं हॉस्टेल झालं. तिथल्या मूळ खोल्या आता संग्रहालय म्हणून जपल्या आहेत. ते लाकडी बंक नुसते बघूनही पाठ दुखू लागते.

अर्थात ब्रोलच्या शाळेत झोपलेली मुलं एकमेकांना ओळखत होती. अनोळखी माणसांनी एकत्र येण्याचा विचार शिरमान यांच्या मनात पक्का झाला तो युद्धात. 1915 च्या नाताळात ते फ्रान्सच्या पूर्वेकडच्या व्होज पर्वतातल्या आघाडीवर होते. तिथे जर्मन आणि फ्रेंच सैनिकांनी गोळीबार थांबवला. वापरात नसलेल्या खंदकांच्या भुयारांतून एकमेकांकडे जाऊन ब्रेड, हॅम, वाइन, सिगारेटी दिल्या-घेतल्या. हा प्रसंग शिरमान यांनी स्वतः लिहून ठेवलाय. देशोदेशींच्या तरुणांना एकमेकांना भेटायला हक्काच्या जागा मिळाल्या तर, असं त्यांना वाटू लागलं. 1932 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला 11 देशांतल्या हॉस्टेल संघटनांनी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला आणि पुढे त्याचं अध्यक्षपद शिरमान यांच्याकडे आलं. 1936 मध्ये नाझी सरकारने त्यांना ते सोडायला लावलं. माणसं एकत्र बसून बोलू लागली की हुकूमशहांना करमत नाही, त्याला ते तरी काय करणार?

(दृश्य: सामाईक खोली. टेबलावर पसरलेला नकाशा. खिडकीवर पावसाच्या धारा.)

आता या टेबलाकडे पाहा. एकाला उद्या घाट चढून पलीकडे जायचंय. समोरची आज तोच घाट उतरून आली आहे. हवा चांगली असती तर दोघं वाटेत नुसता हात हलवून पुढे गेले असते. इथे ती पेन्सिलीने नकाशावर फुली मारते. या ओढ्यावरचा लाकडी ओंडका वाहून गेलाय, वरच्या बाजूने वळसा घालावा लागेल, आणि उतारावरचे दगड शेवाळलेत. मोबाइलच्या नकाशात ही वाट अजूनही सरळ रेष आहे.

गप्पा सगळ्याच अशा कामाच्या नसतात. आपण किती देश पाहिले हे मोजून दाखवणारा एक जण प्रत्येक हॉस्टेलमध्ये असतो, आणि पावसात त्याच्यापासून सुटका नसते. पत्त्यांच्या डावात एक पान हरवलेलं असतं. कोणाला मुळीच बोलायचं नसतं, तो कानात हेडफोन घालून बसतो. त्याला तसंच बसू द्यावं.

दुपारनंतर पावसाचा जोर ओसरतो. घाटावर जाणाऱ्याच्या बेतात एव्हाना आणखी दोघं सामील झालेली असतात. पैकी एकाकडे दोर आहे. वळसा पडणार म्हणून निघायची वेळ तासभर अलीकडे आणली जाते, आणि गजर कोणी लावायचा यावरून पहिला वाद सुरू होतो.