फाईल घरी ठेवून नागपूर

मंडळी, वाचनालयाच्या पोरांनी बोलायला उभं केलं तेव्हा मी म्हटलं, बाप्पा, मी कुठला वक्ता! उमरेड-नागपूर गाडीवर जन्मभर तिकिटं फाडली, तेवढंच आपलं ज्ञान. पण त्यात एक गोष्ट पाहिली. आपल्याकडचा माणूस नागपूरच्या गाडीत चढला की काखेत फाईल असतेच. दवाखान्याची, कोर्टाची, नाहीतर बँकेची. काम झालं की गणेशपेठ स्टँड, आणि मिळेल त्या गाडीनं घर. शंभरदा जाऊन आलेल्याला विचारा, नागपुरात काय पाहिलं? म्हणतो, लाईन पाहिली.

तर वर्षातून एक दिवस बिनफाईलीचं जा. बायांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी गाठलेल्यांना त्याच्याही आधीपासून फुकट. आजीनं आता सबब सांगू नये.

माझं मत विचाराल तर दिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. पोळ्याला आपण दारासमोर पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, ठेवतो आणि पहाटे 'घेऊन जा गे मारबत' ओरडत शिवेबाहेर फेकून येतो. नागपूरनं ह्याच रीतीची मिरवणूक केली; तिथं मारबत म्हणजे इडापीडा घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. नागपूरच्या राजघराण्यातल्या बाकाबाई भोसले इंग्रजांकडे झुकल्या, तो राग लोकांनी काळीत भरला, असं जुने लोक सांगतात. दोघी गल्लीबोळांतून येतात, वाटेत भेटतात आणि शेवटी पेटवल्या जातात. पण खरी मजा बडग्यांची. महागाई, लाच, खड्डे, पुढारी, ज्या कुणाचा वर्षभर राग आला त्याचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची आणि भर रस्त्यानं न्यायचा. आपण पारावर बसून जे बोलतो ना, ते तिथं चालत जातं. इतवारीत सकाळीच पोहोचा, एखाद्या दुकानाचा ओटा धरा. गर्दीत लेकराचा हात सोडू नका, चप्पल गेली तर गेली समजा.

दसऱ्याला दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथं धम्मदीक्षा घेतली. आपल्या गावातले कितीतरी लोक दरवर्षी पांढरे कपडे घालून जातात, त्यांना हे मी काय सांगावं? बाकीच्यांना सांगतो, जत्रा पाहायला म्हणून जाऊ नका. पुस्तकांच्या दुकानांपुढे तासभर उभे राहा. भाजीला पैसे मोजताना घासाघीस करणारी बाई तिथं नातीसाठी पुस्तकांची थप्पी बांधून घेते, हे मी गाडीत परतताना पाहिलंय.

सीताबर्डीच्या किल्ल्याखालून तुम्ही किती वेळा गेलात? आत मात्र लष्कर आहे. सामान्य माणसाला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट, एवढ्याच दिवशी सोडतात. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई ह्याच टेकडीवर झाली. मे महिन्यातलं ऊन टाळायचं तर जानेवारीच बरा.

संत्री खायला मात्र नागपूरला जाऊ नका. काटोल-वरूडकडे पाहुणा असेल तर झाडाखाली खा.

पुन्हा पोळ्यावर येतो, कारण मन तिथंच अडकलंय. त्याच दिवशी तान्हा पोळा. लेकरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. पूर्वी आपण हसायचो, शहरवाल्यांचे बैल लाकडाचे म्हणून! आता गावात बैलजोड्या मोजायला एका हाताची बोटं पुरतात, वावरात ट्रॅक्टर फिरतो. यंदा माझ्या नातवालाही चाकाचा बैल हवाय, आणि तो मी नागपूरहूनच आणणार. परतीच्या गाडीत असे बैल मी बरेच पाहिले, मांडीवर घेतलेले, शिंगाला कागद गुंडाळलेले. कंडक्टर होतो तेव्हा त्यांचं लगेज मी कधी फाडलं नाही.