किसिंजर यांचं पोट आणि १९७१चा हिशेब

नमस्कार मंडळी! जुलै १९७१. अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर पाकिस्तानात आले आणि बातमी सुटली, की साहेबांचं पोट बिघडलंय, ते नथियागलीला थंड हवेत आराम करतायत. खरं तर ९ जुलैच्या पहाटे ते पाकिस्तानी विमानातून गुपचूप बीजिंगला निघाले होते.

ही भेट जुळवून दिली पाकिस्तानचे लष्करी हुकूमशहा याह्या खान यांनी. त्याच याह्या खानांचं लष्कर तेव्हा पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात, कत्तली करत होतं आणि लाखो निर्वासित आपल्या हद्दीत येत होते. ढाक्यातले अमेरिकी कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड यांच्याकडून ६ एप्रिललाच एक तार वॉशिंग्टनला गेली होती. आपल्याच सरकारच्या धोरणाचा निषेध, खाली वीस अमेरिकनांची नावं! पुढे ब्लड यांनाच ढाक्यातून हलवलं.

लोकशाही देश हुकूमशहाच्या पाठीशी कसा? इथे आंतरराष्ट्रीय राजकारणातला 'वास्तववाद' हा सिद्धांत कामाला येतो. बांधावरून भांडण झालं तर आपल्याला तलाठी आहे, पोलीस आहेत, कोर्ट आहे. देशांच्या वर असं कोणीच नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९मध्ये हीच गोष्ट सिद्धांताच्या केंद्रस्थानी ठेवली. राज्यपद्धती कोणतीही असो, प्रत्येक देश आधी स्वतःची सुरक्षा बघतो. सोव्हिएत संघाला शह द्यायला अमेरिकेला चीन हवा होता, बस्स.

आणि आपण? अलिप्ततेचा पुरस्कार करणाऱ्या भारताने ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी वीस वर्षांचा करार केला. समोर पाकिस्तान, मागे चीन, वर अमेरिका, मग दुसरं करणार काय! मला तो निर्णय पूर्ण पटतो. डिसेंबरात अमेरिकेची एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे आली, सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाने तीनदा नकाराधिकार वापरला, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली.

पण 'राष्ट्रहित' म्हटलं की सगळं माफ, असं हा सिद्धांत सांगत नाही. हान्स मॉर्गेनथाऊ वास्तववादाचे मोठे आचार्य, आणि त्यांनी व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला. चीनशी बोलायचं म्हणून याह्या खानांना सांभाळावंच लागलं, हेही मला मान्य नाही. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन रोमानियामार्फतसुद्धा बीजिंगला निरोप पाठवत होते. रस्ता एकच नव्हता. त्यांनी इस्लामाबादचा निवडला, आणि तोही ढाक्याची तार हातात आल्यानंतर.