त्वचेचे दोन निरोप

मंडळी, बसल्या जागी एक करून बघा. अंगावरच्या कपड्यावर बोटाचं टोक नुसतं टेकवा, हलवू नका. कापड आहे एवढं कळतं, पण वीण कशी आहे याचा पत्ता लागत नाही. आता बोट सरकवा. लगेच पोत उमगतो. सरकत्या बोटाच्या त्वचेत बारीक कंपनं उठतात आणि ती टिपायला खोलवर पॅसिनियन नावाचे संवेदना-ग्राहक, म्हणजे स्पर्श पकडणारी सूक्ष्म टोकं, बसलेले असतात. सेकंदाला दोन-अडीचशे कंपनांना ते सगळ्यांत तल्लख. कडा, टोकं, उंचवटे हे मर्केल पेशींचं खातं. हातातली वस्तू निसटायला लागली की माइसनर ग्राहक आधी चाळवतात.

हलक्या दाबाचा विजेचा संकेत बनतो तो मुख्यतः पायझो-२ या प्रथिनामुळे. त्याच्या शोधासाठी आर्डेम पटापूशियन यांना 2021 चं नोबेल मिळालं, डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर विभागून. हे संकेत जाड, वेगवान मज्जातंतूंवरून मेंदूच्या स्पर्शपट्टीत पोचतात. तिथे बोटांना आणि ओठांना ऐसपैस जागा, पाठीला चिंचोळी. म्हणून बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरवरची दोन टोकं वेगळी कळतात, पाठीवर मात्र त्यांच्यात चार सेंटिमीटरचं अंतरही लागू शकतं.

इथपर्यंत सगळं पाठ्यपुस्तकी आहे. मला बोलायचंय ते दुसऱ्या निरोपाबद्दल.

आपल्या लव असलेल्या त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे बारीक तंतू असतात. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. पायावर हात फिरला तर त्यांचा निरोप वर यायला सेकंदाहून जास्त लागतो, तोवर जलद तंतूंनी सगळी हकीकत सांगून झालेली असते. मग हे हवेत कशाला?

होकान ओलाउसन या स्वीडिश संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. आजारात तिचे जाड तंतू निकामी झाले होते, बारीक शाबूत होते. आपल्याला स्पर्श कळतच नाही, असं ती सांगे. तिच्या हातावर मऊ ब्रश फिरवला, तेव्हा तिला काहीतरी पुसटसं, सुखद जाणवलं. लव नसलेल्या तळहातावर मात्र काही नाही. स्कॅनमध्ये स्पर्शपट्टी गप्प होती आणि इन्सुला जागी झाली होती. इन्सुला म्हणजे शरीराच्या आतल्या अवस्थेची, भावनांची दखल घेणारा भाग. काय लागलं, कुठे लागलं हे त्या तंतूंचं कामच नव्हे. कसं वाटलं, एवढंच ते कळवतात. ‘स्पर्श’ म्हणून एकच इंद्रिय मोजायची आपली सवय मला म्हणूनच पटत नाही.

हे तंतू सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगाच्या कुरवाळण्याला सर्वाधिक दाद देतात, तेही स्पर्श त्वचेइतका उबदार असेल तर. पुढे एका प्रयोगात आईवडिलांना आपल्या बाळाला कुरवाळायला सांगितलं. वेग कुणी सांगितला नव्हता, तरी तो या टप्प्यातच पडला. कृत्रिम हात समोर ठेवला तेव्हा माणसांचा हात भराभर फिरला.