चव्वेचाळीस सामने, एक विजय

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि मित्रहो,

शिकागो परिसरातल्या आपल्यापैकी काहींची मुले एव्हन्स्टनच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकली आहेत, आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉलचा विषय निघाला की 1981 च्या हंगामाची टिंगल ठरलेलीच असते. आज मला त्या संघाची बाजू मांडायची आहे.

त्या वर्षी संघ अकराच्या अकरा सामने हरला. पहिला सामना इंडियानाविरुद्ध 21-20 असा अवघ्या एका गुणाने गेला. पुढे आयोवाने 64-0 असा धुव्वा उडवला. 7 नोव्हेंबरला मिशिगन स्टेटने 61-14 अशी मात केली, तेव्हा आधीच्या हंगामांपासून चालत आलेल्या लागोपाठच्या पराभवांची संख्या 29 झाली आणि मोठ्या विद्यापीठांच्या गटातला तो नकोसा विक्रम नॉर्थवेस्टर्नच्या नावावर लागला. त्या दिवशी नॉर्थवेस्टर्नचेच विद्यार्थी मैदानात घुसले, ‘आम्हीच सर्वांत वाईट’ अशा घोषणा देत त्यांनी गोलपोस्ट उखडले आणि ते मिरवत नेऊन मिशिगन सरोवरात फेकून दिले. हा किस्सा अजूनही हसत सांगितला जातो. मला मात्र तो ऐकताना नुकतेच 61 गुण सोसून मैदानाबाहेर पडणारी विशीतली मुले आठवतात, आणि हसू येत नाही.

हे पराभव त्या मुलांच्या कमी मेहनतीमुळे झाले, असे मी मानत नाही. बिग टेन या विद्यापीठांच्या क्रीडागटात (कॉन्फरन्समध्ये) त्या काळी नॉर्थवेस्टर्न हे एकमेव खासगी विद्यापीठ होते. विद्यार्थिसंख्या कमी आणि प्रवेशाच्या अटी कडक, तर समोर ओहायो स्टेट आणि मिशिगन यांच्यासारखी अवाढव्य सरकारी विद्यापीठे. शिवाय कॉन्फरन्समध्ये तळाच्या संघाला खालच्या गटात उतरवण्याची पद्धत नसते, त्यामुळे दरवर्षी त्याच बलाढ्य संघांशी गाठ पडायची.

1978 मध्ये दाखल होऊन चार हंगाम टिकलेल्या खेळाडूंचा हिशेब पाहा: 44 सामने, वायोमिंगविरुद्ध एक विजय, इलिनॉयशी 0-0 अशी एक बरोबरी, बाकी 42 पराभव. तरीही शनिवार आला की ते पोशाख चढवून मैदानात उतरत होते. 1995 मध्ये बिग टेन जिंकून रोझ बोल हा हंगामाअखेरचा मानाचा सामना गाठणाऱ्या नॉर्थवेस्टर्नच्या संघाचे कौतुक आपण जरूर करावे, पण चिकाटीबद्दल बोलताना मी आधी या तुकडीचे नाव घेईन.

25 सप्टेंबर 1982 रोजी नॉर्दर्न इलिनॉयला 31-6 असे हरवून 34 पराभवांची मालिका अखेर तुटली; तोवर त्या तुकडीची चार वर्षे सरली होती. बिग टेनमधील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक डेनिस ग्रीन यांनी त्या हंगामात तीन सामने जिंकले आणि आठ गमावले, तरी कॉन्फरन्समधील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान त्यांनाच मिळाला. तो मान योग्य माणसाला मिळाला, असे माझे ठाम मत आहे.